जीप भरतीलाच यायची

चंद्रीमावशी गेल्याचा फोन तिच्या सुनेनं, वैशालीनं केला, तेव्हा मी सावंतवाडीच्या बाजारात होतो. कशानं गेली, असं मी विचारलं. वैशाली म्हणाली, डॉक्टर वय झालं म्हणाले. महिना उलटला, तरी त्या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही. शेवटच्या वर्षी तिचे डोळे पिवळे झाले होते, पोट फुगायचं. वयानं असं होतं का, कोण जाणे.

मावशी म्हणजे आमची शेजारीण. देवगडकडच्या आमच्या गावात, खाडीलगतच्या खालच्या वाडीत राहायची. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायच्या आणि बाजारात विकायच्या, एवढ्यावर तिनं एकटीनं मुलगा वाढवला. मग वर सड्यावर, कातळाच्या माळावर, काजूच्या टरफलांपासून तेल काढणारा कारखाना आला, त्याचं पाणी खाडीत उतरू लागलं आणि वर्षभरात तिसऱ्यांना तेलकट वास येऊ लागला. बाकीच्या बायका चार पाण्यांनी धुऊन त्या विकत राहिल्या. मावशीनं भरलेली टोपली खाडीत उपडी केली. "जा माझ्या नातवाक घालूक हात उठणा नाय, ता लोकांका कसा विकू?" म्हणाली, आणि साठीनंतर काजूच्या बागांत मजुरीला जाऊ लागली.

मी तेव्हा सरकारी कचेरीत कारकून. कारखान्याविरुद्धचे तिचे तक्रारअर्ज मीच लिहायचो. लिहिलेला अर्ज ती माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायची; दोन्ही वेळा शब्द तेच येतात का, हे बघायला. मला राग यायचा.

खाडीच्या पाण्याचे नमुने घ्यायला सरकारी जीप आली. अहवालात पाणी ठीक. मावशी म्हणाली, "भरतेक इले रे. समुद्र आत इल्यार खाडीचा काय गावतला? सुकतेक येवा म्हणान लिही." मी ओहोटीच्या वेळांसकट लिहिलं. पुढची जीपही भरतीलाच आली. त्यापुढचीही. योगायोग असेल, असं मी तेव्हा म्हणालो. तो अर्ज कोणाकोणाच्या हातातून गेला, हे मी आता आठवत बसतो.

बाराव्याला गेलो, तेव्हा वैशालीनं चुलीमागची भिंत दाखवली. कोळशानं ओढलेली एक लांब आडवी रेघ. जीप भरतीला आली की मावशी तिच्यावर एक उभी रेघ मारायची, ओहोटीला आली तर खाली मारणार होती. वर सात रेघा होत्या. खाली भिंत कोरी.

परवा वैशालीचा फोन आला. जीप येऊन गेली होती. कधी, असं मी विचारलं.

"भरतेक," ती म्हणाली. "आठवी रेघ मी मारलंय."