तिसऱ्या खांबापर्यंत

गच्चीवर डांबर तापत ठेवलं आहे. पावसाळा तोंडावर आला की आमच्या खारघरच्या या उंच इमारतीला आपल्या गळतीची आठवण होते. मग कढई चढते आणि तो काळा, घशाला धरणारा वास जिन्याजिन्याने खाली उतरू लागतो. सगळे खिडक्या लावून घेतात. मी एकटा उघडून बसतो. खाली पार्किंगमध्ये एका गाडीच्या टपावर पिवळ्याधमक प्लास्टिकची एक कयाक दोन वर्षं बांधून ठेवलेली दिसते. तिच्या मालकाकडे टोपी आहे, शिटी आहे, फुगणारं जाकीट आहे. पाणी मात्र तिला आजवर फक्त गाडी धुणाऱ्याने दाखवलं. दुकानातून आणलेल्या होडीबद्दल मी बोलणार नाही. बोललो तर वाईटच बोलेन. जिच्या पोटात तुमच्या हाताची एकही गाठ नाही, ती होडी नव्हे, बादली आहे, लांबट बादली. हे बघा, बोललोच.

माझी होडी वाशीत जन्मली, ऐंशी साल नुकतंच मागे पडलं होतं तेव्हा. वाशी त्या काळी शहर नव्हतं. कुणीतरी शहराचा नकाशा चिखलावर वाळत घातला होता, एवढंच. मुंबईतून, कोकणातून, देशावरून आलेली आम्ही पगारी माणसं चार मजली इमारतींत राहायला आलो आणि आल्या दिवसापासून खाडीकडे पाठ करून बसलो. खाडी दोनशे पावलांवर होती. तिच्याशी आमचा संबंध डासांबद्दल अर्ज लिहिण्यापुरता. भरती कधी, ओहोटी कधी, कुणाला पत्ता नाही. नळाला पाणी कधी येतं ते मात्र झोपेत विचारलं तरी सांगतील. असल्या माणसांत मी राहत होतो, आणि मी त्यांच्याहून शहाणा होतो असं म्हणायची माझी छाती नाही. मी फक्त त्यांच्याहून मोठ्याने बोलायचो.

बोलायचो म्हणजे वाढवून बोलायचो. मांजर आडवं गेलं तर घरी पोचेपर्यंत त्याचा बिबट्या व्हायचा. बायकोने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात नियम करून टाकला होता की, माझं बोलणं चाराने भागून ऐकायचं. हा नियम पुढे अख्ख्या इमारतीने उचलला.

रद्दीतल्या एका परदेशी मासिकात मला ते चित्र सापडलं. बर्फाच्या देशातली माणसं हलक्या लाकडाचा सांगाडा बांधतात, त्यावर सीलचं कातडं शिवतात आणि समुद्रात जातात. मी जिन्यात उभं राहून जाहीर केलं, अशी होडी घरात बांधणार, खाडीच्या पुलाखालून पलीकडे मानखुर्दला जाणार आणि जेवायला परत येणार. तळमजल्यावरच्या एका कारकुनाने माझ्या देखत माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, चाराने भागलं की कुठपर्यंत येतं हो? गटारापर्यंत?" सगळा जिना हसला.  घरात येऊन पदराने चेहरा पुसत ती एवढंच म्हणाली, "अहो, ही एक गोष्ट तरी बोललात तेवढी करा. एकदा तरी मला न भागता ऐकायचंय."

त्यानंतर मी कामाला लागलो नसतो, तर माणसात जमा झालो नसतो.

कातड्याची बातमी आधी पसरली. सोसायटीने फळ्यावर लिहिलं, सदनिकेत जनावराचे कातडे आणू नये. जणू सील पनवेलच्या बाजारात टांगलेले असतात! मी ट्रकची ताडपत्री आणली. बुरुडाकडून बांबूच्या कामट्या आणल्या. शिरवण्याचा एक सुतार चित्र बघून म्हणाला, "साहेब, याला सुतार नको, डॉक्टर पाहिजे." मग मदतीला आली ती आमच्याकडे मासळी घेऊन येणारी गावठाणातली म्हातारी मावशी. पाटी दाराबाहेर ठेवून ती हॉलमध्ये फतकल मारून बसली, माझे खिळे मुठीने बाजूला सारले आणि म्हणाली, "खिला नको मारू, बाला. खाऱ्या पान्यात खिला सडतो. बांदून घे." जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याची गाठ तिने मला शिकवली, ओली झाली की आवळणारी, ओढली की हट्टाला पेटणारी. साडेतीनशे गाठी मारल्या मी. बरं, दीडशे. होडीचं टोक हॉलमधून स्वयंपाकघरात शेगडीपर्यंत यायचं, आणि बायको त्याला वळसा घालून पोळ्या भाजायची. वर डांबर चढवलं तेव्हा पोळ्यांनाही तोच वास लागला. ती कुरकुरली नाही.

पण बांबू, दोऱ्या आणि वर कापड, यांचं एकत्र दर्शन आपल्या लोकांना एकाच गोष्टीची आठवण करून देतं. इमारतीने होडीचं नाव ठेवलं तिरडी. "कधी उचलायची?" असं कारकून रोज विचारी. आणि खरंच, गॅलरीतून दोरांनी उतरवून, हार घालून, चौघांच्या खांद्यावर ती निघाली तेव्हा रस्त्याने येणारी बस थांबली, कंडक्टरने हात जोडले आणि एक अनोळखी गृहस्थ गंभीर चेहऱ्याने खांदा द्यायला आला. "कोण गेलं?" त्याने हळूच विचारलं. मागून कारकून म्हणाला, "जायचेत अजून. पुढे चाललेत बघा."

रविवार होता, कारण पगारी माणसाच्या आयुष्यात जे काही घडायचं ते रविवारीच घडतं. सोसायटीच्या अध्यक्षांनी कॅलेंडर बघून, राहुकाळ टाळून, नारळ फोडायची वेळ काढली होती. अष्टमी आहे हे त्याच कॅलेंडरात छापलेलं होतं. तिथी प्रत्येकाच्या भिंतीवर टांगलेली. उपास कधी ते तिच्यावरून कळे, पण पाणीही तिथीनेच येतं-जातं, हे एकाही घराच्या गावी नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा बांधापाशी छातीभर पाणी होतं. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. मावशी माझ्या बाहीला धरून म्हणाली, "आज आठम हाय. पानी चाललाय बग. बोलत ऱ्हाशील तं चिखल उरंल." मी तिला गप्प केलं. त्यांच्यानंतर मलाही बोलायचं होतं ना! अध्यक्ष पाऊण तास बोलले, मी त्यांच्यावर ताण केली. मी "या अथांग जलाशयाला साक्षी ठेवून" म्हणत मागे वळलो, तर जलाशय नव्हता. चकचकीत चिखल होता आणि त्यात निवटे मासे उड्या मारत होते. लोक इतके हसले की काहींना चहा पाजावा लागला. अध्यक्षांनी अनियमित पाणीपुरवठ्याबद्दल पत्र लिहायचं ठरवलं. माझी बायको कुणाकडेही न बघता घरी गेली. तिची पाठ मी बांधावरून बघत राहिलो. तेवढी एक गोष्ट मी कधी वाढवून सांगत नाही.

मी तिथेच बसलो. दुपार कलली. रविवारचा टीव्हीवरचा सिनेमा सुरू झाला आणि खाडीकाठ माणसांनी पार रिकामा झाला. मग पाठीत कुणीतरी बोट खुपसलं. "ऊठ बाला. पानी आला." अष्टमीचं पाणी, उधाणाचा माज नाही, गुपचूप पाय धुवायला येतं तसं. मी होडीत शिरलो. मांडी आणि खाडी यांच्यामध्ये फक्त एक कापड होतं. पाण्याची प्रत्येक थरथर त्यातून अंगाला कळत होती, गाठी ओल्या होऊन करकरत आवळत होत्या. पुलाखाली गेलो. डोक्यावरून ट्रक गडगडत होते. पहिला खांब, दुसरा, तिसरा. तिथे प्रवाहाने टोक फिरवलं आणि मी घाबरलो. उगाच कशाला खोटं बोलू? तिसऱ्या खांबाला हात लावला आणि वळलो. काठावर मावशी उभी होती. पाटी उचलून चालू लागली. सगळ्या वाशीत ती एकटी साक्षीदार, आणि तिला यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

घरी आलो. सिनेमा संपला होता, ताट झाकलेलं होतं. "गेलो होतो," मी म्हणालो, "तिसऱ्या खांबापर्यंत." तिने वर बघितलं.  "तिसऱ्याच?" "तिसऱ्याच." मग आमटी वाढत म्हणाली, "म्हणजे खरंच गेला होतात." दुसऱ्या दिवशी जिन्यात कारकुनाने तिला भागाकार विचारला. ती भाजीची पिशवी सावरत म्हणाली, "भागायचं नाही. गेले होते ते."

त्या होडीची ताडपत्री पुढे गॅलरीत पावसाचा आडोसा झाली, सांगाड्यावर घोसाळी चढली. मावशी गेली, जुन्या पुलावरची रहदारी केव्हाच शेजारच्या नव्या पुलावर गेली. माझी सफर मात्र वाढत राहिली. पाहुण्यांसमोर मी मानखुर्द गाठलं, मग ट्रॉम्बे, एका दिवाळीत तर घारापुरीला वळसा घालून आलो. अशा वेळी चहाचा ट्रे घेऊन ती मागून यायची आणि पाहुण्यांना दिसणार नाही अशा बेताने तीन बोटं मला दाखवायची. मी तरी पुढेच जायचो. मागे कुणीतरी काठावर उभं आहे हे ठाऊक असलं की माणूस लांब जातो.

ती जाऊन आता चार पावसाळे झाले. पाहुणे अजून येतात, गोष्ट अजून मागतात. घारापुरी तिथेच आहे, अडवणारं कुणी नाही. पण हल्ली का कोण जाणे, मी सांगत सांगत पुलाखाली शिरतो, खांब मोजतो आणि तिसऱ्याशी वळतो.