साडी मी निवडली होती

बातमी आली तेव्हा मी पेणच्या बाजारात भाचीसाठी कुर्ता बघत होते. दुसऱ्या दिवशी तिचा इंटरव्ह्यू होता. दुकानदाराने सात-आठ कुर्ते पसरले होते आणि मी सवयीने एकेक बाजूला सारत होते. फोन मंदाचा होता.

"शैला, सुनंदा गेली गो. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, दवाखान्यात पोचलीच नाय."

मी "बरं" म्हणाले आणि निळा कुर्ता बांधून द्यायला सांगितला. घरी आल्यावर पाहिलं, तो दोन साइज मोठा होता.

माणूस गेलं की त्याच्या आसपासचे किस्से कुठून कुठून निघतात. एक निघाला की त्याला धरून दुसरा. दहाव्याला धरमतरच्या खाडीकाठी सुनंदाच्या गावी गेलो होतो. तिथून आल्यावर मंदा, लता आणि मी मंदाच्या घरी चहाला बसलो. आम्ही चौघीजणी वीस वर्षं पेणहून एकाच एसटीने रोह्याच्या एका कंपनीत जात होतो. मंदा, लता आणि मी ऑफिसात. सुनंदा मिठागरातल्या माणसांची लेक. माल कुठल्या ट्रकमध्ये किती चढला, याची नोंद ठेवायची. कंत्राटावर. परमनंट व्हायचं, एवढंच तिला हवं होतं.

कुणाचा इंटरव्ह्यू असो, कुणाला मोठ्या साहेबांसमोर जायचं असो, काय घालायचं ते मी ठरवायचे. हे काम मला कुणी दिलं नव्हतं. मी कॉलेज शिकलेली, साडी चापूनचोपून नेसणारी, म्हणून सगळ्या विचारायच्या आणि मला ते आवडायचं. सुनंदा म्हणायची, "ताईचा कलर म्हंजे डॉक्टरचं औषद. कडू लागला तरी घ्यायचा."

*

पहिला किस्सा मंदाने काढला.

ऑफिसच्या कपाटात आमची एक साडी असायची. मोरपंखी, बारीक काठाची. चौघींनी मिळून घेतलेली, मी निवडलेली. जिला साहेबांपुढे जायचं, त्या दिवशी साडी तिची. एकदा वरच्या जागेसाठी मंदाला आणि लताला एकाच दिवशी बोलावलं. मी म्हटलं, "त्यात काय? मंदा अकराला, लता बाराला. मध्ये लेडीज रूममध्ये बदला."

मंदा बाहेर आली, लता आत गेली. साहेबांनी चष्मा काढून पाहिलं.

"या बाई मघाशी येऊन गेल्या ना?"

लता म्हणाली, "नाही साहेब. साडी येऊन गेली."

जागा दोघींनाही मिळाली नाही.

*

कोलाडकडची एक मुलगी ट्रेनी म्हणून इंटरव्ह्यूला यायची होती. मी तिला बजावलं होतं, चपला घालून येऊ नकोस, टाचेचे काळे बूट हवेत. तिच्या घरापासून रस्त्यापर्यंत भाताच्या खाचरांतले बांध. टाचा रुतणार, म्हणून ती बूट पिशवीत घालून अनवाणी निघाली आणि गेटपर्यंत तशीच आली. वॉचमनने पिशवी उघडली. आत नवे कोरे बूट, आणि बाईचे पाय चिखलाने भरलेले.

"विकायला आणलेस काय गो?"

"नाय, दाखवायला."

*

लॅबमधल्या मुलीला मी नायलॉनची ओढणी सुचवली होती. स्मार्ट दिसते, इस्त्री लागत नाही. लॅबमध्ये ॲसिड असतं, हे मला कोणी सांगायला हवं होतं का? पण मला रंग दिसत होता. तिसऱ्या दिवशी ओढणीची चाळण झाली. मी ओशाळून विचारलं, "भाजलं तर नाही ना?"

"नाही मॅडम. आता वारा छान येतो."

यावर मंदा आणि लता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले. मग मंदा म्हणाली, "शैला, सुनंदाचा एखादा सांग की. तुझ्याकडे असेल." मी म्हटलं, "आत्ता आठवत नाही."

*

आठवत होता.

फ्रंट ऑफिसला जागा निघाली. परमनंट. सुनंदाने अर्ज केला. मी त्या इंटरव्ह्यूला कागदपत्रं लावून द्यायला आत बसणार होते. आदल्या दिवशी ती पोपटी साडी दाखवायला घेऊन आली. मी म्हटलं, "ही नको. भडक वाटते." कपाटातली मोरपंखीही नको म्हटलं आणि माझी क्रीम रंगाची कॉटनची साडी तिला दिली. हातातला हिरवा चुडा काढवत नव्हता, तो वाजू नये म्हणून लांब बाह्यांचा ब्लाऊज सुचवला. सकाळी ती केसांत अबोलीची वेणी माळून आली. मी तीही काढायला लावली. तिने ती डब्यात ठेवली. "येताना घालीन," म्हणाली.

तिने सगळी उत्तरं दिली. कुठली गाडी कधी निघते, कुठल्या गिऱ्हाइकाचा फोन नंबर काय, सगळं तोंडपाठ. इंग्रजीत विचारलं तेही तिला कळलं. थांबत थांबत, पण तिने नीट सांगितलं.

ती बाहेर गेल्यावर मुंबईहून आलेले साहेब म्हणाले, "बाई हुशार आहेत. पण हा काय अवतार? प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या. फ्रंट ऑफिसला जरा रंग हवा. यांना असं यायला कुणी सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढचा अर्ज काढला आणि म्हणाले, "गावाकडच्या आहेत, साहेब."

संध्याकाळी ती एसटी स्टँडवर थांबली होती. "ताई, काय म्हनले?"

"उत्तरं थोडी कमी पडली."

"कंचं?"

मी म्हणाले, "इंग्रजीचं."

साडी तिने आठवड्याने परत केली. धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करून. आणि पेणला इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं. दर रविवारी, दोन वर्षं. ट्रक ड्रायव्हरना ती ऐकवायची, "प्लीज वेट, ताडपत्री इज कमिंग." ड्रायव्हर हसायचे, तीही हसायची. मला म्हणायची, "ताई, आता त्या सायबाला बोलवा. आता नाय आडत मी."

ती जागा पुन्हा निघाली नाही. सुनंदा कंत्राटावरच राहिली. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही एका बाकावर बसून पेण ते रोहा आणि रोहा ते पेण केलं. तिची सगळी उत्तरं बरोबर होती, हे मी तिला सांगितलं नाही.