दोन दात जास्तीची चकरी

वासुदेवरावांना बोलायची भारी हौस आणि बोलायला माणूस नाही. देव अशी गाठ कशाला मारतो ते त्यालाच ठाऊक. वडील लवकर गेले. पाठच्या दोन बहिणी उजवता उजवता स्वतःच्या लग्नाचं राहिलं ते राहिलंच. बहिणी आपापल्या घरी नांदू लागल्या आणि वासुदेवराव गावातल्या खोलीला कुलूप घालून नाल्यापलीकडच्या तीन एकर वावरात झोपडी बांधून राहिले. भाजीपाल्याला राखण लागते. गाव वर्ध्यापासून बावीस किलोमीटर, आणि वावर गावापासून आणखी दोन, त्यात मध्ये नाला. तिकडे सहज म्हणून कोणी फिरकत नसे.

दिवसभर ते बैलाशी बोलत. बैल मान हलवायचा, पण तो होकार देतो की माशी हाकलतो हे काही त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. संध्याकाळी चुलीपुढे बसले की आपलाच आवाज त्यांना परका वाटे. हे दुःख त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगायला माणूस असता तर दुःखच उरलं नसतं.

चौऱ्याहत्तर साली त्यांनी जुनी राजदूत घेतली आणि त्यांच्या आयुष्यात माणसं आली. गावातले आणखी चौघे पहाटे मोटारसायकलवर भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात जात. दोन्ही बाजूंना टोपली बांधलेली, मागे गोणी, अंगावर घोंगडं. सगळ्यांत पुढे बंडूजी, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा गडी. त्याच्यामागे मनोहरराव, मग बाकीचे दोघे, आणि शेवटी वासुदेवराव. शेवटी, कारण त्यांची गाडी ओढायला वाघ आणि पळायला गाय होती. नाल्याचा चढ उभा, माती काळी. भोपळे-वांग्यांचं ओझं घेऊन तो चढ चढायचा म्हणून त्यांनी घेतल्या घेतल्याच चेन ओढणारी पुढची चकरी बदलून घेतली होती. कंपनीच्या चकरीपेक्षा तिला दोन दात कमी. अशी लहान चकरी बसवली की गाडीला जोर येतो, पण वेग मरतो. त्या वेळी त्याचं काही अडत नव्हतं. रस्ताच असा खड्ड्यांचा होता की वाघ काय आणि गाय काय, सगळ्यांची चाल एकच.

वर्ध्याच्या अलीकडे पिपरी मेघेच्या फाट्यावर धुरपताबाईचं चहाचं टपरं होतं. पाचही गाड्या तिथे थांबत. त्यांचा एक रिवाज होता. पाचवी गाडी लागल्याशिवाय धुरपताबाईने चुलीवर पाणी ठेवायचं नाही. कोणी मागे राहिला तर बाकीचे बिड्या ओढत वाट पाहत. मग चहा होई, आणि चहाबरोबर गावाच्या, बाजाराच्या, जावयांच्या, चोरांच्या गोष्टी. अर्धा तास. वासुदेवरावांचे बाकीचे साडेतेवीस तास या अर्ध्या तासाच्या जिवावर निघत. आज काय सांगायचं हे ते आदल्या दिवशी निंदण करतानाच ठरवून ठेवत. कोल्ह्याने काकडी कशी उचलली हे त्यांनी एकदा वाफ्यात उभं राहून बैलाला तीनदा सांगून पाहिलं, आणि चौथ्यांदा टपऱ्यावर सांगितलं तेव्हा मनोहररावांच्या नाकातून चहा आला. तो दिवस वासुदेवरावांना सणासारखा गेला.

मग ऐंशी साली रस्त्यावर डांबर पडलं.

डांबराचं कौतुक सगळ्या जिल्ह्याला झालं, एका वासुदेवरावांना सोडून. चौघांच्या गाड्या गुळगुळीत रस्त्यावर साठच्या वेगाने सुटल्या. वासुदेवरावांची गाडी चाळिशीलाच गळा काढून रडू लागे. त्यांना पुढच्यांचे दिवे दिसत, मग लांब लांब जात, मग दिसत नसत. बंडूजीने पहिले काही दिवस वाट पाहिली. पण बाजारात भाजीची हर्रास, म्हणजे लिलाव, साताच्या ठोक्याला सुरू होई, आणि उशिरा आलेल्या मालाला कुत्रं विचारत नसे. त्यामुळे रिवाज हळूहळू मोडला.  वासुदेवराव पोचत तेव्हा चौघे कप विसळायला ठेवून गाड्यांना किक मारत असत.

"या या वासुदेवराव," बंडूजी निघता निघता ओरडे. "च्या गरम हाये अजून!"

चहा गरम असे, एवढंच. धुरपताबाई भांडी घासण्यात गुंतलेली. वासुदेवराव एकटेच उभ्याने पीत, आणि ठरवून आणलेली गोष्ट तशीच पोटात घेऊन बाजाराला जात. असं वर्षभर चाललं. एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि गाडी डोमाजीच्या दुकानात नेली.

डोमाजी गावातला मिस्त्री. पुलगावला काम शिकून आलेला. हाताचा हुशार आणि तोंडाचा तिखट.

"पुढची चकरी बदलून दे," वासुदेवराव म्हणाले. "लहान काढ. मोठी टाक."

डोमाजीने वर पाहिलं. "काऊन जी?"

"गाडी पयत नाई."

"तुमाले कोठं पयाचं हाये? पन्नाशी आली. कोठं उशीर होऊन राह्यला तुमाले?"

आता खरं कारण सांगायचं तर, चार माणसांबरोबर बसून एक कप चहा प्यायचा आहे, असं सांगावं लागलं असतं. पन्नाशीच्या माणसाने असं सांगायचं म्हणजे लाज वाटण्यासारखंच. वासुदेवराव म्हणाले, "हर्रास चुकते ना बाप्पा."

डोमाजीने डाव्या बाजूचं झाकण उघडलं. आत तेल आणि काळ्या मातीचा चिखल बसलेला. त्याने तो खरवडला, नटाखालच्या पत्र्याची वळवलेली कड छिन्नीने सरळ केली आणि वासुदेवरावांना गाडीवर बसवून मागचा ब्रेक दाबून धरायला लावला. मग पान्यावर सगळं अंग टाकलं. नट कुरकुरत सुटला. जुनी चकरी बाहेर आली, दात झिजून आकड्यासारखे झालेले. नवी चकरी हातात घेऊन डोमाजीने दात मोजले, जुनीपेक्षा दोन जास्त.

"आयका वासुदेवराव. रस्ता पाहून चकरी नसते बसवत, वझं पाहून बसवतात. हे टाकली की गाडी पयीन, पण वढणार नाई. मंग मले नोका म्हणजा."

"टाक तू."

डोमाजीने टाकली, मागचं चाक जरा पुढे घेऊन चेन जुळवली, आणि त्याच दिवशी सगळ्या गावाला सांगितलं की वासुदेवरावांना म्हातारपणी गाडी पळवायचा शौक लागला आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाल्याच्या चढावर गाडी तीनदा बंद पडली. क्लच जळल्याचा वास सुटला. डोमाजीचं बोलणं खरं ठरलं याचा वासुदेवरावांना गाडीपेक्षा जास्त राग आला. त्यांनी टोपली सोडली, डोक्यावर घेतली आणि दोन खेपा करून माल वर नेला. मग रिकामी गाडी वर काढली आणि सगळं पुन्हा बांधलं. टपऱ्यावर पोचले तेव्हा चौघे जाऊन अर्धा तास झाला होता.

शहाणा माणूस परत डोमाजीकडे गेला असता. वासुदेवराव दुसरीकडे गेले. ते वाफ्यात गेले. गाडी ओझं ओढत नसेल तर ओझंच कमी करू, असा त्यांनी विचार केला. भोपळ्यांचे वेल त्यांनी उपटले. ऐन भरातली वांगी उपटली, ज्यांच्यासाठी बाजारातले दलाल त्यांचं नाव घेऊन हाक मारत. त्या जागी सगळीकडे सांबार टाकला. सांबार म्हणजे कोथिंबीर, हलका माल, दोन टोपल्यांत मावतो आणि त्याचं वजन लेकराएवढंही नसतं. वावराच्या धुऱ्यावरून जाणाऱ्याने कपाळाला हात लावला. भरल्या वांग्यांत नांगर घालणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला होता.

पण ब्याऐंशीचा तो हिवाळा! नाल्याचा चढ गाडी जोरात धावत येऊन चढून जाई, आणि डांबरावर लागली की बंडूजीच्या मागोमाग पळे. वासुदेवराव पोचत तेव्हा पाणी नुकतं चुलीवर चढलेलं असे. ते बाकावर मधोमध बसत. एका वर्षाच्या साठलेल्या गोष्टी होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या. मुंगसाची, चोरलेल्या मोटारपंपाची, लहान बहिणीच्या सासूची. बंडूजी मांडीवर थाप मारून म्हणे, "अजून सांगा, अजून सांगा!" वासुदेवरावांचं उत्पन्न अर्ध्यावर आलं होतं आणि ते इतके सुखी आजवर कधी नव्हते. दोन हिवाळे असे गेले.

चौऱ्याऐंशीच्या कार्तिकात एके सकाळी त्यांना रस्त्यात एकही गाडी दिसली नाही. आपणच लवकर निघालो असं समजून ते फाट्यावर जाऊन बसले. धुरपताबाईला म्हणाले, "पाणी ठेव, येतच असतीन." पाणी उकळलं. आटलं. तिने पुन्हा भर घातली. तेवढ्यात गावाकडून एक मेटाडोर आली, भाजीच्या गोण्यांनी गच्च भरलेली. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बंडूजी आणि मनोहरराव बसलेले. बंडूजीने वासुदेवरावांना पाहिलं आणि खिडकीतून हात काढून जोरात हलवला. मेटाडोर थांबली नाही.

बाजारात वासुदेवरावांनी त्यांना गाठलं. पुलगावच्या एका माणसाने गावातून माल उचलायला टेम्पो लावला होता. चौघांनी मिळून ठरवलं होतं, त्याला आठवडा झाला होता, आणि आजची पहिली खेप.

"मले काऊन नाई सांगतलं?" वासुदेवरावांनी विचारलं. 

बंडूजीला खरंच नवल वाटलं. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, आणि हेच सगळ्यात वाईट. "तुमाले कायले पायजे जी टेम्पो? तुमचा माल किती, दोन टोपले सांबार. अन् गाडी त तुमची हवा हाये! आमी म्हटलं, वासुदेवरावाले गाडी चालवाचा शौक, थे कायले बसतीन टेम्पोत? मोठी चकरी टाकली तवाच आमाले समजलं."

"फाट्यावर थांबत नाई का तुमी आता?"

"डायवर थांबवत नाई. त्याले चार गावं कराची असते."

वासुदेवराव टोपलीच्या दोरीशी चाळा करत राहिले. मग कोणालाच न सांगितलेली गोष्ट त्यांनी भर बाजारात सांगून टाकली.

"मी त कपभर च्यासाठी बदलवली होती चकरी. तुमच्यासंगं बसाले भेटावं म्हणून. वांगे बी त्याच्याचसाठी उपटले."

 मग मनोहरराव हसले, बंडूजी तर पोट धरून हसला आणि वासुदेवरावांच्या पाठीवर दणकन हात मारला. "वा रे वा! कोल्ह्याच्या गोष्टीवानी हे बी लई जबरदस्त सांगतली! कपभर च्यासाठी वांगे उपटले म्हणते!" त्याने शेजारच्या दलालाला हाक मारून तीच गोष्ट पुन्हा सांगितली. तोही हसला.

वासुदेवरावही हसले. दुसरं काय करणार? आयुष्यभर त्यांनी लोकांना हसवण्यासाठी गोष्टी जुळवल्या होत्या, आणि ही एकच न जुळवता सांगितलेली गोष्ट सगळ्यांत जास्त चालली.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला निघाले. रस्ता मोकळा, गाडी हलकी. फाटा आला. टपऱ्यात चूल पेटली होती, धुरपताबाईने मान वर करून पाहिलंही. वासुदेवरावांनी गाडी हळू केली, आणि पुन्हा वाढवली. बाजारात ते सहाच्या आधी पोचले. फाटक अजून उघडायचं होतं. टोपली उतरवून ते फाटकाला टेकून बसले आणि आतल्या चौकीदाराचं खोकणं ऐकत राहिले.

पुढे पाच-सहा वर्षं, ते जाईपर्यंत, रोज असंच. गावात कोणालाही विचारा, वासुदेवराव कसे होते म्हणून. लगेच सांगतील, "मोठा मज्याकी माणूस. अन् गाडीचा असा शौक, का बाजारात रोज पयला नंबर त्याचाच."