आतोबांच्या ओट्यावरचं दुकान

चुकीच्या पत्त्याचा आमच्या आतोबांइतका राग अख्ख्या नागपुरात कुणाला आला नसेल. माझ्या आत्याचे हे यजमान सत्तरच्या दशकात दुकान-निरीक्षक होते. सरकारी नोंदणीतला दुकानाचा पत्ता चुकीचा निघाला तर तो दुरुस्त करायचा आणि जागेवर दुकानच नसेल तर नोंद काढून टाकायची, हा अधिकार त्यांच्याकडे होता. तो ते घरीदारी सगळीकडे चालवत. आमच्या महाल भागात पत्ता सांगायचा म्हणजे 'निंबामागं' नाहीतर 'पानठेल्याच्या बाजूनं'. त्यावर आतोबा विचारत, "पानठेला उद्या उठला तं तू कुठं राहशीन गा?" माझ्या लग्नाच्या पत्रिकेतलं 'डेअरीसमोर' त्यांनी लाल शाईनं खोडलं, घर क्रमांक घातला आणि मगच ती देवापुढे ठेवली.

रस्ता रुंद करताना शांताबाईंची शिलाईची टपरी पाडली गेली. नवरा वारलेला. बाई मशीन घेऊन फुटपाथवर बसू लागल्या, फुटपाथचा पत्ता नोंदवता येत नव्हता, म्हणून नोंदीत पाडलेल्या टपरीचाच पत्ता राहिला. शाळा गणवेशांचं काम नोंद असलेल्या दुकानालाच देई; नोंद गेली असती तर ते काम गेलं असतं, आणि त्याच कामावर त्यांची चूल पेटत होती. आतोबा पाहणीला गेले, तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या ना भाऊ तसंच. कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो ना बाई," म्हणत आतोबा घरी आले आणि न जेवता ओट्यावर बसून राहिले. आत्या म्हणाली, "एवढं काहून मनाले लावून घेता? राहू द्या जुनाच पत्ता." दुसऱ्या दिवशी सायकलरिक्षातून बाईंचं मशीन त्याच ओट्यावर येऊन बसलं. घर स्वतःचं, म्हणून पाहणीला त्यांनी दुसरा निरीक्षक बोलावला, त्याच्यासमोर बाईंना एक शिवण घालायला लावली आणि मग पत्ता दुरुस्त झाला. या माणसाचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

निवृत्तीनंतर मुलानं सावनेरला बोलावलं, घर विकून टाका म्हणाला. आतोबांचं उत्तर ठरलेलं होतं, "मी घर विकलं तं बाईच्या दुकानाचा पत्ता चुकीन." शेवटपर्यंत ते गेले नाहीत.

ते वारले त्या दिवशी सावनेरहून आलेली माणसं चौकात घर विचारत होती. घर क्रमांक कुणालाच सांगता येईना. रिक्षावाला म्हणाला, "शिलाईवाल्या बाईचा ओटा आहे ना, तेच घर." आतोबा असते तर त्याची धडगत नव्हती. मी शेजारीच उभा होतो. मला घर क्रमांक पाठ होता, पण मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.