पडवीत आणलेला फ्रिज

“कांबळ्या, माझा नवा कंप्रेसर काढून जुना कामून बसवलास?”

माणिकआप्पांनी हे त्यांच्या आडत दुकानाच्या पायरीवरून विचारलं. सौद्याची वेळ, गंज म्हणजे धान्यबाजार माणसांनी भरलेला. गर्दीत सरकारी दवाखान्याचे डॉक्टर होते. तिथला लसींचा फ्रिज सांभाळायचं काम ते मला देणार होते. त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. आता हे काम गेलं, आणि नावही गेलं.

माझं बिदरला मैलूरमध्ये फ्रिज दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. तीन दिवसांपूर्वी आप्पांकडं गेलो, तेव्हा फ्रिज स्वयंपाकघरातून काढून पडवीत आणून ठेवलेला. आम्ही मंठाळचे, बौद्ध. कामून बाहेर आणला, हे विचारायची गरज नव्हती. मी थर्मोस्टॅट बदलला, म्हणजे पुरेसा गारवा झाला की मशीन बंद करणारा भाग. पडवीतच बर्फ धरून दाखवला. आप्पांच्या बायकोनं, अक्कांनी, वरून ओंजळीत पाणी वाढायला तांब्या उचलला. मी न पिताच निघालो.

दुसऱ्या दिवसापासून फ्रिज गार होईना. मला निरोप नाही. हैदराबादचा एक मेकॅनिक गावात आला होता, त्याला बोलावलं. त्यानं मागं नुसता हात लावला आणि सांगून मोकळा झाला, “कंप्रेसर बदल दिया साब, किसीने.” मोठ्या शहराचा माणूस, त्याचा शब्द खरा. माझं दहा वर्षांचं काम खोटं.

“आत्ता चला. डॉक्टरसाहेब, तुमीबी चला,” मी म्हणालो. “चोर असलो तर त्यांच्यासमोर ठरू द्या.”

आप्पांच्या घरी पोचलो. मी आत जाऊ नये म्हणून आप्पांनी दुकानातल्या दोन हमालांना आत धाडलं. ज्वारीचं पोतं आणावं तसा त्यांनी फ्रिज पाठीवर आडवा घालून आणला. ते बघितलं आणि मला सगळं कळलं.

“त्या दिवशी आत नेतानाबी असाच नेलाव?”

“मग कसा नेणार? दार ठेंगणं हाय,” एक हमाल म्हणाला.

“आणि लगेच चालू केलाव?”

“व्हय. पाव्हणे आलते. सरबताला बर्फ पायजे होता,” अक्का दारातून म्हणाल्या.

कंप्रेसर म्हणजे फ्रिजच्या मागं खाली असलेलं काळं मडकं. त्यात तेल असतं. फ्रिज आडवा केला की तेल नळ्यांत उतरतं. तसाच चालू केला तर बारीक नळीत ते अडकतं आणि गॅस फिरत नाही. उभा करून दिवसभर बंद ठेवावा लागतो. हे त्या दिवशी सांगायचं माझ्याकडून राहिलं. अपमान गिळून निघालो होतो, घाईत होतो. एवढी चूक माझी.

मी डॉक्टरांना मडक्याला नळी जोडलेला सांधा दाखवला. कंपनीचा रंग जसाच्या तसा होता. “साहेब, रंग न खरवडता कंप्रेसर बदलता येतो का?” त्यांनी वाकून बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

“असू दे रे, गैरसमज झाला,” आप्पा म्हणाले.

“बाजारात चोर म्हणलाव, आप्पा. शब्द मागंबी बाजारातच घ्या.”

आप्पांनी पान चघळत हमालांना फ्रिज उभा करायला खुणावलं.

फ्रिज पडवीतच उभा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी चालू केला, दुपारपर्यंत बर्फ धरला. “आता आत उभाच न्यायचा,” मी म्हणालो. “दारातून कसा वळवायचा, ते मी आत येऊन दाखवतो.”

“राहू दे हितंच,” आप्पा म्हणाले.

राहिला. अख्खा उन्हाळा फ्रिज पडवीत होता. अक्का दर वेळी दुधाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून पडवीत जायच्या. बाजारात आप्पा सांगत, फ्रिज आपोआप सुरू झाला.

डॉक्टरांनी दवाखान्याचं काम मला दिलं. तेव्हापासून माझ्यासाठी बाहेर काढून ठेवलेल्या फ्रिजला मी हात लावला नाही. घरवाल्याला एवढंच सांगायचो, मेकॅनिकला मशीनपर्यंत जाऊ द्या, मशीन हलवू नका. तेल जागेवर राहतं.