बुवांचं पोट आणि माझा दम

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा मी अमरावतीला, राजापेठेत एका बुवांकडे गाणं शिकत होतो. घरी हिवरखेडला भाजीचा मळा. बुवांचा देह अवाढव्य, आवाज त्याहून मोठा. मी म्हणजे कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी. मैफलीत ते मला मागे तंबोऱ्यावर बसवत. तान ऐन रंगात आली की थांबत, हात वर करत आणि पुढचं मी गायचो. शिष्याला भर मैफलीत असा मान देणारा गुरू मिळायला भाग्य लागतं, असं मी गावभर सांगत सुटायचो.

"दम पोटातून आला पायजे," असं बुवा रोज बजावत. आता पोटातून दम यायचा तर आधी पोट नको का? मोट मोठी तर पाणी जास्त, हे मळेकऱ्याच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही. आईला तर हा विचार फारच पटला. वर्षभर मी तिनं गावाहून धाडलेली केळी, लोणी आणि तुपात बुडवलेले रोडगे हाणले. पोट असं आलं की तंबोरा मांडीवर मावेना. जिना चढताना धाप लागे, तीसुद्धा मी प्रगतीच समजलो.

मग अकोल्याला एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींकडे मैफल झाली. बुवांनी हात वर केला. मी श्वास घ्यायला गेलो, तर मांडी घातल्यामुळे पोट छातीपर्यंत चढलेलं. दोन सुरांत माझा कारभार आटोपला. बुवांनी वळून पाहिलं. तेही धापा टाकत होते. नुसता तबला वाजत राहिला.

"वा! काय जागा घेतली!" शेटजी डोळे मिटून म्हणाले. मी मेल्याहून मेलो.

स्टेशनवर मी बुवांचे पाय धरले. "बुवा, तुमचं पाहूनच मी पोट वाढवलं."

"अरे बैताडा," बुवा म्हणाले, "तुले मांगं काहून बसोतो मी? या पोटापायी माहा दम सरते, तिथून गाणं तुले उचला लागते. आता तूबी माह्याच मापाचा झाला, तं गाईन कोन? तबलजी?"

पुढच्या मैफलीत बुवांच्या मागे एक काटकुळा शिष्य बसला होता. बुवांनी हात वर केला. त्यानं तान उचलली आणि मान मिळाल्याच्या आनंदानं त्याचा चेहरा फुलला. हा मान कशापायी मिळतो, ते आता मला ठाऊक होतं. समोर सतरंजीवर बसून मी मोठ्यानं "वा!" म्हणालो.