बेबीताईंचा फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगावंसं का वाटतंय, ते मलाही धड कळत नाही.

मी पनवेलची, विम्याची एजंट. बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं सगळे म्हणतात. नोटाबंदीनंतर करंजाड्याच्या मैदानात कोळी खाद्यमहोत्सव भरला, तेव्हा स्टॉलवाल्या बायकाही मोबाईलवर पैसे घ्यायला लागल्या होत्या. स्टॉलच्या विम्यात मी त्यांना सायबर कव्हर घ्यायला लावलं. कुणी फोनवरून फसवून खातं साफ केलं, तर भरपाई. अट एकच — ओटीपी आपण स्वतः कुणाला सांगितलेला नसावा. माईक हातात घेऊन मी त्यांना चांगलं दटावलं, बँकेचा साहेब फोनवर आला तरी नंबर सांगायचा नाही. बायका हसल्या, मीही खूश झाले.

त्यात उरणच्या बेबीताई होत्या. भरल्या पापलेटाच्या स्टॉलवाल्या. घरात स्वतःच्या नावाचं खातं असलेली ती पहिली बाई. मुलाच्या होडीच्या इंजिनासाठी त्यात साठवत होत्या, आणि घरात पैशाच्या बाबतीत शब्द त्यांचाच चालायचा. हे मला माहीत होतं. माहीत होतं, तरीही…

थांबा, नीट सांगते.

संध्याकाळची गर्दी. बेबीताईंचे हात कोपरापर्यंत मसाल्यात. अशा वेळी या बायका काय करतात? जवळ जी कोणी उभी असेल तिच्या हातात फोन देतात. "बाय, धर गो जरा," म्हणाल्या आणि मी धरला. तेवढ्यात तो वाजला. स्टॉलवाल्यांचे नंबर महोत्सवाच्या बॅनरवरच छापलेले, कुणीही बघून फोन लावावा. पलीकडचा माणूस म्हणाला, महोत्सवाच्या विम्यासंबंधी बोलतोय, तुमच्या पॉलिसीची प्रत पाठवायची आहे, आधी खातं तपासून घेऊ. दिवसभर मी कंपनीच्या मागे त्याचसाठी लागले होते. वाटलं, चला, सुटलो एकदाचे. त्याने कार्डावरचे आकडे विचारले. कार्ड फोनच्या कव्हरमध्येच खोचलेलं होतं. मग ओटीपीचा मेसेज आला, आणि तो नंबरही मी वाचून दाखवला.

मी. माईकवाली बाई.

खातं रिकामं झाल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं. कंपनीचा माणूस चौकशीला आला, बेबीताईंचा नवरा आणि मुलगा शेजारी उभे. फोनवर कोण बोललं, त्याने विचारलं. बेबीताई माझ्याकडे वळल्या. "बाय, फोन तू घेतलास ना?"

त्यात संशय नव्हता हो. नुसतं आठवून बघत होत्या. मी तेव्हाच हो म्हटलं असतं तर? दावा निदान उभा तरी राहिला असता, कारण नंबर त्यांनी सांगितलाच नव्हता. माझी एजन्सी गेली असती. पनवेलभर छी-थू झाली असती. हे सगळं एका क्षणात डोक्यात आलं. पण आवाज — आवाज अगदी शांत निघाला. म्हटलं, "मी नुसता धरला होता ताई. वाजल्यावर तुमच्या कानाला लावला. बोललात तुम्ही. गर्दीत लक्षात राहिलं नसेल."

त्या म्हणाल्या, "असन मंग. मना आटवत नाय."

नंबर सांगून टाकणं ही चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते. पण एका शहाण्यासुरत्या बाईला तिच्याच आठवणीबद्दल खोटं पाडणं, तेही तिच्या नवऱ्या-मुलासमोर — याला काय म्हणायचं?

दावा नामंजूर झाला. नवऱ्याने फोन काढून घेतला, खात्याचा कारभारही स्वतःकडे घेतला. मुलगा कितीतरी दिवस आईशी धड बोलला नाही. आता स्टॉलच्या पुढे त्यांची जाऊ बसते आणि बेबीताई मागे मासे साफ करतात. मला भेटल्या तेव्हा उलट त्यांनीच माझा हात धरला. "तू एवढं समजावलंस, आन् मी माती खाल्ली. तुजं नाव खराब झालं माज्यामुलं."

मी म्हटलं, जाऊ द्या ताई.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ… पण नाही. दर वर्षी महोत्सवाआधी माझं सायबर फसवणुकीवर भाषण असतं. लोकांना खरं उदाहरण लागतं. म्हणून मी बेबीताईंना बोलावते. त्या उठतात, पदर सावरतात आणि सगळ्या बायकांसमोर सांगतात, मी फोनवर नंबर बोलली, माजी चूक झाली, तुमी नका करू. आता त्यांना सगळं आठवतंसुद्धा — फोनवरचा माणूस कसा गोड बोलत होता, हेही सांगतात. बायका टाळ्या वाजवतात. पहिली टाळी माझी असते.

उद्या भाषण आहे. त्यांना यायला मी कालच सांगितलंय.